चौदाव्या स्लाइडवरचा शब्द

चौदाव्या स्लाइडवर मैत्री अडली. तोपर्यंत सकाळ सरळ चालली होती. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात ती सेफ्टी विभागात होती, तिथे मोटारींचे बंपर रंगवले जात, आणि इंग्रजीत आलेल्या सगळ्या सूचना मराठीत आणायचं काम सहा वर्षांत आपोआप तिच्याकडे येऊन पडलं होतं. तिची वाक्यं पेंट शॉपच्या, म्हणजे रंगकामाच्या शेडच्या, भिंतींवर लागलेली असत आणि येता-जाता ती वाचताना तिला थोडा अभिमानही वाटे. या स्लाइडवर लहानशा आगीचं चित्र होतं. पाणी मारू नका, वारा घालू नका, ओल्या पोत्याने किंवा वाळूने आग 'स्मदर' करा, असं खाली इंग्रजीत लिहिलेलं. 'झाकून विझवा' लिहून ती पुढे जाऊ शकली असती. पण नेमका शब्द मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही ही तिची जुनी खोड, म्हणून तिने कॉम्प्युटरवर शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ होता: हवा तोडून जीव घेणे, गुदमरवणे. मग आगीचा. मग हसू, जांभई, हुंदका आतल्या आत दाबणे. आणि त्याच्याखाली, तितक्याच बारीक अक्षरात: बातमी, तक्रार किंवा चौकशी दडपून टाकणे. तिने माऊसचं चाक फिरवलं, पान खाली गेलं, पण तिची नजर जिथे होती तिथेच राहिली. मानेमागे एसीचा गार झोत लागत होता आणि तरी कानशिलं तापली होती.

"काय अडलं?" पलीकडच्या टेबलावरून रणजीत सरांनी विचारलं. ते विभागाचे प्रमुख. तळेगावहून रोज मोटरसायकलने येत आणि आल्यावर पहिला अर्धा तास त्यांच्या शर्टाला रस्त्यावरच्या डिझेलचा वास येई.

"एक शब्द. आगीसाठी."

"आग दाबा. लिही, संपलं."

"नुसती दाबली तर आत धुमसत राहते, सर."

ती हे सहज बोलून गेली. सर हसले, आणि हसता हसता मध्येच थांबून स्क्रीनकडे वळले. तेवढ्याने तिला कळलं की दहा दिवसांपूर्वीचा तो शनिवार त्यांच्याही डोक्यात आहे.

त्या शनिवारी ती पेंट शॉपमध्ये पोस्टरसाठी फोटो काढायला गेली होती. रंगवताना उडालेला रंग पाण्याबरोबर वाहून जिथे साठतो, तो शॉपच्या मागचा खड्डा. त्याचा गाळ तीन-चार महिन्यांनी काढावा लागे आणि ते काम ठेकेदाराच्या माणसांकडे असे. ओरडणं ऐकून ती धावली तेव्हा गाळ काढायला उतरलेला ज्योतीराम तळाशी कोसळला होता, खड्ड्याच्या तोंडाशी सहा-सात जण जमले होते आणि एकाने शिडीवर पायही ठेवला होता. कोंडीराम, पन्नाशी ओलांडलेला, मराठवाड्यातून आलेला कामगार, त्याला दंडाला धरून मागे ओढत होता. "कुनी उतरायचं न्हाई! एकाचे दोन व्हतेन!" तो बोंबलत होता. त्याने कंप्रेसरची नळी आत सोडली, ज्योतीरामच्या कमरेला दोर होता तो चौघांच्या हातात दिला, आणि चिखलातून ओंडका ओढावा तसा ज्योतीराम वर आला. पस्तिशीचा, काटक माणूस. चेहरा जांभळट. डोळे अर्धे उघडे, आणि उजव्या हाताची बोटं शर्टाच्या वरच्या बटणाशी सारखी चाळा करत होती. बटण कधीच तुटून पडलं होतं, तरी ती बोटं नसलेलं बटण काढत होती. मैत्रीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्या मिनिटभरात तिच्या स्वतःच्या छातीत एक ओळखीची शिट्टी वाजायला लागली होती. ज्याला दमा असतो त्याला दुसऱ्याचा अडकलेला श्वास नुसता दिसत नाही, आपल्याच बरगड्यांत ऐकू येतो. मग ज्योतीरामला खोकल्याची उबळ आली, तोंडातून काळसर पाणी आलं, आणि त्याने एकदाचा श्वास ओढला. असा आवाज तिने पूर्वी फक्त स्वतःचाच ऐकला होता.

संध्याकाळी अहवाल तिनेच टाइप केला. रणजीत सर खुर्चीमागे उभे होते. "सोमवारी ऑडिट आहे, मैत्री. माणूस शुद्धीवर आला, चहा प्यायला, चालत घरी गेला. एप्रिल आहे. ऊन लागून चक्कर आली, यात खोटं काय?" खोटं काय, हे तिला त्या वेळी सांगता आलं नाही, असं तिने स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितलं. खरं म्हणजे सांगता आलं असतं. जीभ टाळूला लागून बसली होती एवढंच. 'उष्णतेमुळे चक्कर.' दोन शब्द, टिंब. तिच्या बोटांनी ते टाइप केले, आणि टाइप करताना 'उष्णतेमुळे'तला 'ष्ण' नीट उमटलाय ना, हेसुद्धा तिने पाहिलं. या एका गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटे.

फोन वाजला. अकरा वाजले होते, म्हणजे आईच. "पंप आहे ना गं पर्समध्ये? आज रस्त्याला धूळ फार. येताना स्कार्फ सोडू नकोस." "आहे, आई." "आणि डबा पूर्ण खा." ती हो म्हणाली, फोन ठेवला, आणि स्क्रीनवर खाली सरकलेल्या पानावर पाचवा अर्थ दिसला: माया, चुंबनं यांचा इतका वर्षाव करणे की जीव नकोसा व्हावा. तिला हसू आलं. आईची, भिमाबाईंची, माया अशीच होती. पिंपरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात लहानपणी खिडक्या कधी उघडल्याच जात नसत. बाहेर धूळ, बाहेर धूर, पोरीला दमा. भर दुपारी आई तिच्या डोक्यावरून टॉवेल टाकून वाफेच्या पातेल्यावर बसवायची, वरून गोधडी, आणि त्या ओलसर अंधारात निलगिरीच्या वासाने डोळे चुरचुरत असताना मैत्रीला वाटायचं की हवा बाहेर आहे आणि आई मला हवेपासून वाचवतेय. तरी गोधडीवरून पाठीवर फिरणारा आईचा हात तिला ओळखू यायचा आणि त्या हाताखातर ती बसून राहायची. आज ती एकतीस वर्षांची होती. अजूनही आई ऑफिसची बस येईपर्यंत कोपऱ्यावर थांबायची. एका शब्दात जीव घेणारा हात आणि पाठीवर फिरणारा हात दोन्ही राहू शकतात, याचं तिला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, आश्चर्य कसलं, दाबणारे हात बहुतेक वेळा आपल्या माणसांचेच असतात. रणजीत सरांनी तिला पहिल्या वर्षी, ती आजारी असताना, बारा दिवस सांभाळून घेतलं होतं. परका माणूस खुर्चीमागे उभा असता तर तिने कदाचित ते दोन शब्द लिहिलेच नसते.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनबाहेर ज्योतीराम उभा होता. कामावर आला नव्हता, फक्त तिला भेटायला आला होता. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी.

"मॅडम, त्या कामगार दवाखान्यातले डॉक्टर इचारतेत, नेमकं कुठं पडला, किती येळ पडला, तिथं वास कसला होता. म्या सांगितलं खड्ड्यात. तर ते म्हनले, कागदावर तर ऊन लागलं म्हनून लिवलंय. मग म्या काय बोलू?"

"डोकं दुखतं का अजून?"

"दुखतं. पर त्याचं काही न्हाई." तो थांबला. बोलावं की नाही असं त्याने तिच्याकडे पाहिलं. "सकाळी धाकट्या पोरीला हाक मारायची होती. नावच आठवंना. ती म्होरं उभी, दप्तर घेऊन, आन् मी नुसता तिच्याकडं बघतुय. मग तीच म्हनली, पप्पा, मी स्वरूपा."

मैत्रीने पिशवीतले कागद हातात घेतले, उगाच चाळले, परत दिले. जाता जाता तो म्हणाला, "शुक्रवारी उरलेला गाळ काढायचा हाय. कोंडीराम काकाला सांगितलंय उतरायला. तेवढं जरा बघा, मॅडम. त्यांच्यामुळं मी हाय." तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं. तो गेटकडे चालत गेला तेव्हा ती त्याच्या चालण्याकडे पाहत राहिली. गेटपाशी पोचल्यावर तो क्षणभर उभा राहिला, डावीकडे जायचं की उजवीकडे हे विसरल्यासारखा, आणि मग उजवीकडे वळला.

घरी जाताना बस चाकणच्या चौकात पाऊण तास उभी होती. काचेबाहेर कंटेनरमागे कंटेनर. ती विचार करत होती असं म्हणता येणार नाही. तिच्या आत फक्त एक मुलगी दप्तर घेऊन उभी होती आणि स्वतःचं नाव सांगत होती. आपण चक्कर लिहिलं म्हणून डॉक्टरने उन्हाचं औषध दिलं. ते दोन शब्द कारखान्यातून निघून दवाखान्यात गेले, तिथून गोळ्यांच्या पाकिटात, तिथून त्या माणसाच्या डोक्यात. शब्द कागदावर बसून राहतात असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

घरी अण्णा, तिचे वडील, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. साहेबराव, भोसरीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. आता घरातल्या घरात चाललं तरी दम लागे. तिने चहा होईपर्यंत त्यांना सगळं सांगितलं. स्वतः टाइप केलं हेही सांगितलं, ते सांगताना मात्र जमिनीकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून आई ऐकत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"तू यात पडू नकोस," भिमाबाई दारात येऊन म्हणाल्या. "तुझ्या बापानं तोंड उघडलं होतं. भट्टीवर पोरगा भाजला तेव्हा. साहेबाच्या तोंडावर म्हणाले, झाकण सडलेलं होतं. काय झालं पुढं? उचलून टाकलं घासकामाला, ओतलेला माल घासायला. नऊ वर्षं ती धूळ खाल्ली. आता बघ, इथून मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते. तुला तर आधीच दमा. तुझं काय झालं तर मी काय करू?" शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलण्याआधी त्यांना श्वास गोळा करावा लागे, त्यामुळे त्यांचं गप्प बसणं आणि बोलायची तयारी यांतला फरक घरात फक्त मैत्रीला कळायचा. "ती म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "दम लागतो." मध्ये दोन श्वास. "पण झोप लागते मला, मैत्री."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं असावं. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने चहाचे तीन कप घेऊन आली. एरवी ती एकटी ओट्यापाशी चहा प्यायची. आज खाली त्यांच्याजवळ बसली. "लिहायचंच असेल तर नीट लिही," ती कपात पाहत म्हणाली. "अर्धवट लिहू नको. अर्धवट लिहिणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो."

बुधवारी सकाळी मैत्री रणजीत सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हणाले तरी बसली नाही. छाती आवळून आली होती. हा दमा की भीती, हे तिला कधीच वेगळं सांगता येत नसे.

"सर, मी तो अहवाल दुरुस्त करतेय. खड्ड्यात हवा नव्हती. उतरायचं परमिट नव्हतं, आतली हवा मोजणारा गॅस मीटर लावला नव्हता. फोटो आहेत माझ्याकडे, वेळेसकट."

"ऑडिट झालंय, मैत्री. फाइल बंद झाली." ते हळू बोलत होते. "आता उघडलीस तर पहिलं नाव तुझंच येईल. टाइप तू केलंयस."

"येऊ दे. केलंयच मी."

"आणि माझं?"

"तुमचंही येईल, सर. मला ते टाळता येत नाही." तिला वाटलं, आवाज फुटेल. फुटला नाही. "शुक्रवारी कोंडीराम उतरणार आहेत. त्याच खड्ड्यात. तुम्ही उतराल का, सर? मी उतरेन का?"

रणजीत सर ताडकन उठले. तिला वाटलं, आता ओरडतील. त्यांच्या गळ्याची शीर फुगली होती, तोंड उघडलं होतं, पण आवाज आला नाही. ते तसेच खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ चालला. तो थांबल्यावर ते म्हणाले, "मीटर जानेवारीपासून बंद आहे. मी दोनदा मागणी टाकली होती. दुसऱ्यांदा मला फोन आला की सारखे सारखे मेल टाकू नका, वाईट दिसतं." ते वळले. चेहरा एकदम थकलेला दिसत होता, पण तो थकवा बरेच दिवस आत ठेवलेला होता आणि आता बाहेर आला होता. "मग मी टाकायचे बंद केले. सोपं असतं गं ते. आपोआप होतं. त्या दिवशी तिथे गेलो तेव्हा वास आला होता मला. आणि तुला म्हणालो, ऊन."

तिचा राग कुठे गेला हे तिलाच कळेना. कोणीतरी खुर्चीमागे उभं असतं, त्याच्या मागे आणखी कोणीतरी, आणि प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर प्रेमानेच ठेवलेला असतो.

"तुझा अहवाल लिही," सर म्हणाले. "माझे ते दोन मेल मी खाली जोडतो."

लिहायला तिला दीड तास लागला. एवढं साधं मराठी तिने कधीच लिहिलं नव्हतं. कोण उतरलं, किती वाजता, कुणी वर काढलं, तो किती वेळ बेशुद्ध होता. शेवटी एक परिच्छेद स्वतःबद्दल: आधीच्या अहवालात मी उष्णतेमुळे चक्कर असं लिहिलं होतं; ते खरं नव्हतं, हे मला लिहिताना माहीत होतं. त्या वाक्यापाशी तिने पंप काढला, दोनदा ओढला, दहापर्यंत मोजलं. मग प्लांटचे मोठे साहेब, सेफ्टी कमिटी आणि कामगार दवाखान्यातले डॉक्टर, तिघांचे पत्ते टाकले आणि पाठवलं. काही झालं नाही. एसी चालू होता, कुणाच्या तरी कीबोर्डचा आवाज येत होता. मोठी गोष्ट करून झाल्यावर जग इतकं जसंच्या तसं असावं याचा तिला किंचित अपमान वाटला.

मग दुपारी बोलावणं आलं. मोठे साहेब चिडले होते, पण त्यांची चीड कागद वाचत असताना एका फोटोपाशी थांबली. ज्योतीरामचं डोकं तिच्या मांडीवर, बटणाशी गेलेली बोटं. तो फोटो कुणी काढला होता ते तिला आठवत नव्हतं, तिच्याच कॅमेऱ्यात होता. साहेब बराच वेळ तो बघत बसले. "हा आता कसा आहे?" त्यांनी विचारलं. मैत्रीने दप्तर घेतलेल्या मुलीबद्दल सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. तिला लेखी ताकीद मिळाली, रणजीत सरांनाही. तिने सही केली. गुरुवारी ज्योतीरामला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला होता, औषध बदललं होतं, म्हणाले होते की वेळ लागेल पण बरंच परत येईल. "बरंच म्हंजे किती, ते न्हाई सांगितलं," ज्योतीराम म्हणाला. "पर आता मला खरं सांगता आलं, त्यानंच हलकं वाटाय लागलंय बगा."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला खड्ड्याभोवती दोरी लावलेली होती. चालू मीटर आला होता, दुसऱ्या कारखान्यातून मागून आणलेला. रणजीत सरांनी तो दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली गेला तोच तो किंचाळायला लागला. ऑक्सिजन सतरा पॉइंट दोन; साध्या हवेत तो जवळपास एकवीस असतो, आणि तळाशी मीटर नऊवर आला. हेच आकडे त्या शनिवारीही तिथे होते, फक्त त्यांना आवाज नव्हता. मोठा पंखा लावून आत हवा सोडायला सुरुवात झाली आणि सगळे वाट पाहत उभे राहिले. पंधरा मिनिटं, अर्धा तास. एरवी एवढ्या वेळात कुणीतरी म्हटलं असतं, काय राव, चला उरका. आज कुणी म्हटलं नाही. मैत्री कडेच्या उलट्या पिंपावर बसली. तिच्या चेहऱ्याला स्कार्फ नव्हता, पेंट शॉपमागच्या त्या उग्र हवेतही तिला मोकळा श्वास येत होता, आणि ते लक्षात आल्यावर ती जरा दचकलीच. कशाचं काय होईल हे तिला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तिची बदली होईल, किंवा होणार नाही. पंखा घरघरत होता. मीटरचा आवाज आधी तुटक झाला, मग बंद पडला. वीस पॉइंट आठ.

कोंडीरामने पट्टा चढवला, दोराची कडी ओढून पाहिली आणि शिडीवर पाय ठेवला.

"काका, एक सांगायचं राहिलं," मैत्री पुढे होऊन म्हणाली. "खाली गेल्यावर सारखं बोलत राहायचं. तुमचा आवाज थांबला की आम्ही दोर ओढणार."

"काय बोलू?"

"काहीही."

"अवो, मला न्हाई बोलाया येत, मॅडम. बायकू तेच तर म्हनती." पोरं हसली. तो उतरला. हेल्मेटवरचा दिवा खाली खाली गेला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही आणि दोर धरणाऱ्या चौघांच्या मुठी आवळल्या.

मग खालून खर्जातला आवाज आला. "वल्लभनगर." थोडं थांबून, फावड्याच्या एका खरखरीबरोबर, "शिवाजीनगर. हडपसर. लोणी." तो त्याच्या गावच्या, येडशीच्या, एसटीचे थांबे म्हणत होता. सव्वीस वर्षं दर दिवाळीला ज्या गाडीने तो जात होता, तिचे. "उरुळी. यवत. चौफुला, हितं च्या चांगला मिळतो. पाटस. इंदापूर."

"ओ काका, भिगवण राहिलं की!" दोर धरणारा एक जण वाकून ओरडला.

"भिगवणला मी झोपलेला आस्तो!" खालून उत्तर आलं.

वर एकच हशा उठला. रणजीत सरसुद्धा हसले, दोर न सोडता. मैत्रीलाही हसू आलं आणि ते तिने तोंडावर हात न धरता हसून घेतलं. खालून फावडं चालत होतं, गाळाची पहिली बादली वर येत होती, आणि तिच्याबरोबर तो घोगरा, जिवंत आवाज. "टेंभुर्णी. कुर्डुवाडी. बार्शी. आता यीलच येडशी."